शॉर्ट सर्किट आपोआप होत नसते

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पत्र लिहायचं कारण असं की दर उन्हाळ्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी हमखास येते, उभ्या कारला आग, अन खाली शेवटच्या ओळीत "शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा अंदाज". झालं, बातमी संपली. ती ओळ वाचली की मी चहाचा कप खाली ठेवतो. शॉर्ट सर्किट म्हणजे काही आभाळातून पडलेली वीज नाही साहेब, ते कोणाच्या तरी हातानं झालेलं असते, अन पुष्कळदा तो हात माझ्यासारख्याच एखाद्या वायरिंगवाल्याचा असते, कधी टेप बसवताना, कधी अलार्म लावताना. म्हणून म्हटलं आपणच एकदा लिहावं. लांबलं तर कापा, पण फ्यूजचा भाग कापू नका.

मी आर्वी तालुक्यात गाड्यांचं वायरिंग करतो, सत्तावीस वर्ष झाले. सेल्फ, डायनामो, हॉर्न, लाइट, टेप, सेंट्रल लॉक, जे येईल ते. उस्तादनं पहिली गोष्ट शिकवली ती दातानं वायर सोलणं, त्यापायी माझा पुढचा एक दात अजून तिरपा आहे. तेव्हा दुकानापुढं कमांडर, मार्शल, मारुती व्हॅन, मारुती ८००, एखाद्या डॉक्टरची फियाट अशाच गाड्या उभ्या राहायच्या अन त्यांचं सोपं होतं ते एवढ्यासाठी की एक वायर एकच काम करायची. हेडलाइटची वायर हेडलाइटचीच, दरवाज्याची दरवाज्याचीच. टेस्ट लॅम्प, म्हणजे टोकाला सुई असलेला बल्ब, टोचा, पेटला म्हणजे करंट आहे, नाही पेटला म्हणजे नाही, विषय खतम. टेपच्या वायरीचे रंग पण ठरलेले, पिवळी कायम बॅटरीवर, लाल चावीवर, काळी बॉडीला, निळी अँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, चालू करायला अन स्पीकरच्या चार जोड्या पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या टेपचे आजही हेच रंग आहेत. कोणी लाल-पिवळी उलटी जोडली तर चावी काढल्यावर टेप घड्याळ अन स्टेशन विसरून जायचा, एवढंच काय ते नुकसान. डॅशबोर्डमधल्या टेपच्या खड्ड्याचं माप पण ठरलेलं, १८० बाय ५० मिलिमीटर, मोठा पाहिजे तर १८० बाय १००, त्यालाच आपण सिंगल डिन अन डबल डिन म्हणतो. ज्या जीपला खड्डाच नव्हता तिला पत्र्याचा डबा ठोकून डॅशबोर्डखाली लटकवून द्यायचो, पाहुण्याच्या गुडघ्याला लागायचा पण वाजायचा मस्त.

आता जुनी गाडी सोपी म्हणजे बिनत्रासाची, असं मात्र कोणी समजू नये. जुन्या गाडीचा सगळा त्रास अर्थिंगचा असते. वीस वर्ष पांदणीच्या चिखलातून फिरलेल्या गाडीची बॉडी आतून गंजलेली, अन आपला कारागीर काळी वायर दिसेल त्या स्क्रूखाली दाबून मोकळा होते. मग करंटाला परत जायला नीट रस्ता सापडत नाही, तो अँटेनाच्या जाळीतून, टेपपासून अँपला आवाज नेणाऱ्या आरसीए वायरीतून, जमेल तिकडून वापस जाते, अन ॲक्सिलेटर दाबला की गाण्यासोबत स्पीकरमधून कुंईंईं. गिऱ्हाईक म्हणते टेप बदलून द्या. टेप ठीकच असते हो. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वायसर टाकून नटबोल्टनं कसा, वरून ग्रीस लावा, अन अँपची पॉवर वायर गाडीच्या एका बाजूनं अन आरसीए दुसऱ्या बाजूनं न्या, बहुतेक कुईकुई तिथंच मरते.

दुसरा त्रास आपल्या उन्हाचा. मे महिन्यात बाहेर ४५-४६ डिग्री, काच बंद केलेल्या गाडीत ६० च्या वर जाते. नुसता पीळ मारून वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्याच उन्हाळ्यात सुटते, गोंद पाघळते, पट्टी सापाच्या कातीसारखी लोंबते अन आत उघडं तांबं. अशा जोडाला डाग (सोल्डर) द्यावा नाही तर धातूची टोपी दाबून क्रिम्प करावा अन वरून गरम केल्यावर आवळून बसणारी नळी चढवावी, ती आता नागपूरच काय आमच्या इथंही मिळते अन एका जोडाला दोन-चार रुपये पण लागत नाहीत. तिसरा त्रास उंदीर. घरात कापूस भरून ठेवला, भाव नाही म्हणून फेब्रुवारीपर्यंत विकला नाही, अन त्याच टिनाच्या शेडमध्ये गाडी उभी, मग वायर कुरतडली नाही तर काय होईल. पण तो विषय कापसाच्या भावाचा आहे, त्यावर आपल्या पेपरात बाकीचे लोक लिहीतच असतात.

आता चोरीची गोष्ट, अन ही जरा ऐकण्यासारखी आहे. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा नागपूरहून रिमोटवाला अलार्म आणला, खोक्यावर लिहिलेलं "इंजिन कट", म्हणजे चोरानं गाडी चालू केली की इंजिन बंद पडणार. एका कमांडरवाल्याला मोठ्या ऐटीत बसवून दिला. दहा लोक गोळा केले, डेमो दाखवतो म्हटलं. त्याचा ड्रायव्हर म्हणे, "काकाजी, मी नेऊन दाखवू का?" म्हटलं ने. त्यानं चावी लावलीच नाही, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, दोन पोट्ट्यांना म्हणे लावा धक्का, दुकानापुढं उतार आहे, उतारावर क्लच सोडला अन गाडी चालू झाली बावा. सायरन बोंबलून राहिला, इंडिकेटर लपलप करून राहिले अन कमांडर धुराचा लोट सोडत थेट चौकापर्यंत. लोक हसून हसून बेजार.

मी रात्रभर विचार करत होतो की चुकलं कुठं. मग उस्तादनं समजावून सांगितलं. पेट्रोल गाडीला ठिणगी लागते, ठिणगीचा करंट कापला की इंजिन मेलं. डिझेलला ठिणगीच नसते, ते नुसत्या दाबानं पेटते, अन जुन्या गाडीचा डिझेल पंप इंजिनच्या फिरण्यावरच चालते, त्याला विजेशी देणंघेणं नाही. एकदा फिरलं की बॅटरी काढून नेली तरी इंजिन चालू राहते. कोणात इंजिन बंद करायला ट्रॅक्टरसारखा स्टॉपर, म्हणजे डिझेल तोडणारी दोरी, ओढायचा, तिथं कापायला वायरच नाही. कोणात पंपावर सोलेनॉइड, म्हणजे करंट मिळाला की डिझेल सोडणारी झडप, त्याचा करंट कापला तर इंजिन बंद पडते खरं, पण माहीतगार चोर बॅटरीवरून एक वायर थेट सोलेनॉइडला देते अन निघते. पेट्रोल गाडीसाठी बनवलेला अलार्म मी डिझेल गाडीला लावून बसलो होतो, माणूस जसं दुसऱ्याच्या चष्म्यानं वाचायला बसते तसं.

त्यानंतर जुन्या डिझेल गाडीला मी अलार्म विकलाच नाही. क्लच अन ब्रेकच्या पेडलला साखळी-कुलूप, गिअर लॉक, स्टॉपरची दोरी बाहेर ओढलेल्या जागी अडकवून ठेवणारी खीळ, असं लोखंडी काम जास्त चाललं. लपवलेला स्विच पण चांगला, फक्त घरच्यांना सांगून ठेवावा. आमच्या एका पाटलानं पेट्रोल व्हॅनला असा स्विच सीटखाली लपवून घेतला, पोराला सांगितलं नाही, अन पोरगा नव्या नवरीला घेऊन सासऱ्याच्या गावाहून येताना मधात स्विचला पाय लागला असेल, गाडी बंद. रात्री दहा वाजेपर्यंत दोघं रोडवर. पाटील फोनवर मला म्हणे, "तुले कोन सांगतलं होतं इतकं लपवाले?" मीच का सांगितलं होतं!

ट्रॅक्टरवाल्यांचं तर आणखीच वेगळं. तिथं ट्रॅक्टर चोरीला जायच्या आधी बॅटरी जाते. वावरात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी काढायला १० अन १३ चा पाना अन पाच मिनिटं लागतात. तिच्यावर अँगलचा पिंजरा वेल्डिंग करून घ्या अन चांगलं कुलूप टाका, माझ्याकडून काही घेऊ नका, वेल्डिंगवाल्याकडं जा. अन मडगार्डवर ज्यांनी हजार वॅटचे डबे बसवून घेतले आहेत त्यांना हात जोडून विनंती, वरातीत वाजवायचं ते वाजवा, पण डवरणीच्या दिवसात पहाटे पाच वाजता नको. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा वाजवायला २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमानंच बंदी आहे, ती काय फक्त डीजेला नाही.

आता नव्या गाडीवर येतो, खरं दुखणं तिथंच आहे, अन त्यात माझी स्वतःची चूक सांगायला मला लाज वाटत नाही.

चार वर्षांपूर्वी एक रिटायर गुरुजी नवी कार घेऊन आले, चार महिने जुनी, सीटवरचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं. त्यांच्या जावयानं ऑनलाइन सायरनवाला अलार्म मागवून दिला होता, साडेनऊशे रुपयांचा. गुरुजी म्हणे एवढा लावून दे. मी सवयीप्रमाणं ड्रायव्हरच्या पायाजवळचं पॅनल उघडलं अन दरवाज्याची वायर शोधायला लागलो. टेस्ट लॅम्प टोचत टोचत गेलो. एकमेकींना पीळ मारलेल्या दोन बारीक वायरी सापडल्या, टोचून पाहिलं तर लॅम्प पेटला नाही, म्हटलं हीच दरवाज्याची निगेटिव वायर असेल, सोलली अन अलार्मची वायर मारली जोडून. चावी फिरवली तर मीटरवर दिवाळी! एअरबॅग, एबीएस, स्टेरिंग, जेवढे म्हणून दिवे तेवढे पेटले, अन गाडी चालू होईना. जोड काढला, तरी दिवे जाईनात. गुरुजी काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले, ते जास्त लागलं.

गाडी टोचन करून जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोरानं स्कॅनर लावला, सोललेल्या वायरीचा फोटो काढला अन म्हणे वॉरंटीत बसत नाही. बॉडी कंट्रोलचा डबा, म्हणजे दरवाजे-लाइट सांभाळणारा कॉम्प्युटर, बदलावा लागला, मजुरी धरून बावीस हजार. अर्धे मी द्यायचं कबूल केलं. पण त्या पोरानं मला बसवून जे समजावलं ते बावीस हजारात पण स्वस्त होतं.

त्या पीळ मारलेल्या दोन वायरी म्हणजे कॅन लाइन. बॉश कंपनीनं १९८० च्या दशकात ही पद्धत काढली, आपल्याकडच्या साध्या गाड्यांत ती पोचायला वेळ लागला पण आता बहुतेक सगळ्यांत आहे. पूर्वी एका कामाला एक वायर, आता इंजिनचा कॉम्प्युटर, ब्रेकचा, स्टेरिंगचा, मीटरचा, दरवाज्यांचा, हे सगळे त्या दोनच वायरींवर एकमेकांशी बोलतात, गावातल्या चावडीवर सगळे एकाच जागी बसून बोलतात तसं. त्या वायरीवर शांत असताना अडीच व्होल्टच्या जवळपास असते, बोलताना एकीवर साडेतीन अन दुसरीवर दीड. माझा बल्ब १२ व्होल्टचा, तो पेटणार कुठून. पण बल्ब पेटला नाही तरी त्याच्यातून करंट जातेच, अन जो कॉम्प्युटरचा पिन मिलीअँपिअरमध्ये काम करते त्याला पाच वॅटचा बल्ब म्हणजे बैलगाडीचं ओझं शेळीवर. नव्या गाडीत बल्बवाला टेस्ट लॅम्प वापरायचाच नाही, मल्टिमीटर वापरायचा. अन पिवळ्या आवरणातल्या, पिवळ्या कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, वायरीला तर हातच लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या. तिथं चुकून करंट गेला तर फुगा तोंडावर फुटते. मी अशा गाड्यांत टेस्ट लॅम्प घेऊन इतके वर्ष फिरलो अन मला काही झालं नाही, त्यात माझी हुशारी काहीच नाही.

आता लोक विचारतात, मग नव्या गाडीत काही लावायचंच नाही का? लावा ना. पण काय लागते ते आधी पाहा. अलार्मचंच घ्या. नव्या गाडीच्या चावीत चिप असते, चावीच्या भोकाभोवती कॉइल असते, ती चिप वाचते, जुळली नाही तर सेल्फ फिरला तरी इंजिन चालत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात अन हा माझ्या साडेनऊशेवाल्या सायरनपेक्षा कितीतरी पक्का असते. गुरुजींच्या गाडीत तो आधीपासूनच होता, मी वरून सायरन लावायला गेलो अन आहे तोच बंद पाडला! अन एक सांगतो, रिमोटनं गाडी चालू होणारं किट मिळते ना, एसी आधीच थंड करून ठेवते म्हणून पोट्टे लावून घेतात, ते चालवायला पुष्कळ गाड्यांत एक चिपवाली चावी डॅशबोर्डच्या आत कायमची बांधून ठेवावी लागते. म्हणजे घराला कुलूप लावून चावी कुलपालाच लटकवली. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा काय सांगाल, दुसरी गाडीतच होती?

बिनचावीच्या, बटनवाल्या गाडीचं भेव वेगळं आहे. एक चोर घराच्या भिंतीजवळ यंत्र धरते, दुसरा गाडीजवळ, आतल्या चावीचा सिग्नल वाढवून गाडीपर्यंत नेतात, गाडीला वाटते मालक आला. त्यावर सायरन काय करणार. चावी घरात पत्र्याच्या डब्यात ठेवली, झाकण नीट बसत असलं तर सिग्नल बाहेर जात नाही, आईचा बिस्किटाचा जुना डबा पण चालते, फक्त आधी चावी डब्यात टाकून गाडीचा दरवाजा उघडतो का पाहून घ्या. अन स्टेरिंगला लोखंडी दांडा लावा. मला जुन्या कमांडरनं जे शिकवलं तेच शेवटी नव्या गाडीतही कामी येऊन राहिलं, लोखंडाला हॅक करता येत नाही. जीपीएस ट्रॅकर लावायचा असेल तर बेशक लावा, त्याला फ्यूजसहित दोन-तीनच वायरी लागतात. त्यातली इंजिन कट करायची वायर मात्र सेल्फच्या रिलेवर, म्हणजे सेल्फला करंट देणाऱ्या स्विचवर घ्या, गाडीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर नको. सेल्फवर घेतली तर बंद गाडी चालू होत नाही, एवढंच. पंपावर घेतली अन कोणी मोबाईलवर चुकून बटन दाबलं तर समृद्धीवर शंभरच्या स्पीडला इंजिन बंद, स्टेरिंग जड, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक पण दगड. प्रवासी गाड्यांचं वेगळं आहे, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या टॅक्सी-बसला मान्यतावाला ट्रॅकर अन पॅनिक बटन सक्तीचं आहे, तिथं ऑनलाइनचं स्वस्त किट चालत नाही.

काही गिऱ्हाईक तर उलटंच काम घेऊन येतात. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला ८० च्या वर टूंटूं अन १२० च्या वर सारखं वाजणारा बझर, सीट बेल्टचा बझर, मागचे पार्किंग सेन्सर हे सगळं सक्तीचं झालं, अन आमच्याकडं येऊन म्हणतात, "भाऊ, हे टूंटूं बंद करून दे ना, लय डोस्कं खाते." सीट बेल्टच्या खाचेत अडकवायची क्लिप मिळायची, २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांना ती विकणं बंद करायला लावलं. मी त्याच्या आधीपासूनच ठेवत नाही. हजाराचा सायरन लावायला सांगणारा माणूस फुकटात आलेला बझर बंद करायला सांगते, काय म्हणावं.

आता म्युझिक. नव्या गाडीच्या स्क्रीनमध्ये रिव्हर्स कॅमेरा असते, काहीत एसीची सेटिंग, दरवाज्यांची सेटिंग, स्टेरिंगवरचे बटन, सगळं त्याच कॅन लाइनवर. तो स्क्रीन काढून नऊ इंची अँड्रॉइड बसवला की दिसायला भारी, पण गाडीच्या मॉडेलचा खास अडॅप्टर नसला तर अर्ध्या गोष्टी बंद पडतात, अन स्वस्तवाला स्क्रीन मे महिन्यात दुपारी हँग होते, रिव्हर्स टाकला की कॅमेऱ्याऐवजी नुसता काळोख. मी म्हणतो कंपनीचा स्क्रीन राहू द्या, स्पीकर बदला. कंपनीचे स्पीकर बहुतेक कागदी अन हलके असतात, तेवढे चांगले बसवले, दरवाज्याच्या पत्र्याला आतून डॅम्पिंगची शीट चिकटवली की निम्मं काम झालं, अन कपलर ते कपलर बसते, एक वायर कापायची गरज नाही. अँप लावायचाच असेल तर स्पीकरच्या लाइनीवरून सिग्नल घेणारा अडॅप्टर मिळते, तो वापरा.

अन ते वॅटचं खोटं तर बंदच करा राजेहो. टेपच्या खोक्यावर लिहिलेलं असते ५० गुणिले ४, म्हणजे २०० वॅट. टेपच्या मागं पाहा, फ्यूज १० नाही तर १५ अँपिअरचा. १० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे १४० वॅट आत जाते, त्यातलं बरंच उष्णतेत जाते, मग बाहेर २०० येतील कुठून? एका स्पीकरला वीस-बावीस वॅट निघाले तरी चांगला टेप समजा. पण अँप मात्र खरंच खाते. खरे ५०० वॅट देणारा अँप पूर्ण आवाजात ५०-६० अँपिअर ओढते, अन ऑनलाइनच्या किटमध्ये त्याच्यासाठी जी वायर येते ती वरून लालचुटूक, जाड, अन आतून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ब्लेडनं खरवडून पाहा, आत पांढरी दिसली की परत करा.

नव्या गाडीत आणखी एक भानगड आहे जी माझ्या बरोबरीच्या लोकांना माहीतच नाही. पुष्कळ नव्या गाड्यांच्या बॅटरीच्या निगेटिव टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असते, तो किती करंट गेला अन किती आला याचा हिशोब ठेवते अन त्यावरून डायनामो कधी कमी कधी जास्त चार्ज करते. आपण अँपची अर्थ, म्हणजे काळी वायर, थेट बॅटरीच्या टोकाला जोडली की तो करंट सेन्सरच्या हिशोबात येतच नाही, उधारी वहीत न लिहिता माल दिल्यासारखं. मग गाडीला वाटते बॅटरी भरलेली आहे, अन सकाळी सेल्फ कुंथते. अर्थ बॉडीला, म्हणजे सेन्सरच्या पलीकडं घ्यायची. जुन्या गाडीत खरवडूनही चांगला पत्रा सापडत नसला तर मी तीस वेळा सांगितलं असेल की अर्थ थेट बॅटरीला घ्या, गंजलेल्या बॉडीला नको. नव्या गाडीत तेच बरोबर उलटं. अन निळी वायर कायम करंटवर जोडून मोकळं होणारे पण आहेत, मग अँप दिवसरात्र चालू, नुसता बसल्या बसल्या एक अँपिअर खाल्ला तरी ३५ अँपिअरची बॅटरी दीड दिवसात झोपते.

आता तो फ्यूज, ज्यासाठी एवढं लिहिलं. अँपची लाल वायर बॅटरीपासून मागच्या डिक्कीपर्यंत जाते, इंजिन अन केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून. त्या भोकाला रबराचं ग्रोमेट, म्हणजे कडी, नसलं तर खडबडीत रोडवर, अन आपले रोड तर तुम्ही छापताच, पत्र्याची धार रोज थोडी थोडी वायर कापते. एक दिवस तांबं पत्र्याला लागते. बॅटरीजवळ फ्यूज असला तर फट्ट करून उडते अन गाणं बंद होते, बस. फ्यूज नसला, किंवा तो अँपजवळ डिक्कीत असला, तर त्या वायरीतून शेकडो अँपिअर जातात, वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते, वरून गालिचा, फोम, चिकटपट्टी, अन गाडी चावी काढून मंगल कार्यालयाबाहेर उभी असली तरी पेटते, कारण बॅटरीला चावीशी काही देणंघेणं नसते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच पाहिजे. जुनी असो नवी असो, कमांडर असो की सनरूफवाली. घरी जाऊन बोनेट उघडून पाहा, बॅटरीच्या लाल टोकावरून एखादी वरून लावलेली वायर निघाली आहे अन वीतभर-हातभर अंतरावर फ्यूज दिसत नाही, तर उद्याच कोणाला तरी दाखवा, मलाच दाखवा असं नाही.

विम्याचं थोडक्यात. बाहेरून लावलेला टेप-अँप पॉलिसीत लिहून घ्यावा लागते, त्याच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जास्त प्रीमियम, म्हणजे दहा हजाराच्या मालाला चारशे रुपये. नाही लिहिला तर चोरीत तुमचा तो गेला. उलट एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी यंत्र लावलं तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर अडीच टक्के सूट असते, कारसाठी जास्तीत जास्त ५०० रुपये. एजंट स्वतःहून सांगत नाही, विचारा.

शेवटी एक मागणी आहे, पेपरवाल्यांनी वर पोचवली तर उपकार होतील. तालुक्याच्या गावात माझ्यासारखे वायरिंगवाले दोन-चार तरी आहेत, सगळे उस्तादच्या हाताखाली शिकलेले, कोणी दहावी कोणी आठवी. जुन्या गाडीचं आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही, नव्याचं कोणी शिकवलंच नाही. आयटीआयमध्ये पोरांना शिकवतात तसा आमच्यासाठी संध्याकाळचा, दुकान बंद केल्यावरचा, आठ-दहा दिवसांचा वर्ग घ्यावा, मल्टिमीटर अन स्कॅनर कसा धरायचा, कोणत्या वायरीला हात लावायचा नाही, एवढं जरी सांगितलं तरी पुरे. फी घ्या, फुकट नको. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी झाला तर बरं, कारण टेप बसवायची गर्दी तेव्हाच असते.

आपला,
एक वायरिंगवाला
ता. आर्वी, जि. वर्धा

ता. क. नाव छापू नका. गुरुजी आपलाच पेपर वाचतात अन त्यांच्या अकरा हजारातले शेवटचे दोन हजार माझ्याकडं अजून बाकी आहेत.